आडोसा पायजे का भित?

“ताई, तुमाले आडोसा पायजे का भित पायजे, हे आधी सांगा.”

यवतमाळात बुरडकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांनी मला हे विचारलं. मांडीवर अर्धवट वळलेलं सूप, शेजारी ओल्या पोत्याखाली कामट्यांचा भारा, हातात माझा कागद. कागदावर मी घडीच्या पडद्याचं चित्र काढून नेलं होतं. चार पाळ्या, मध्ये बिजागऱ्या, साडेपाच फूट उंच. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘पलीकडचं अजिबात दिसायला नको.’ काकांनी नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवलं होतं.

बाबांना पक्षाघात झाला त्या वर्षीची ही गोष्ट. आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा. आतली खोली लहान. तिथे पलंग आणि व्हीलचेअर एकत्र मावत नव्हत्या, आणि कूलर बसवायची खिडकी बाहेरच्या खोलीलाच होती. म्हणून बाबांचा पलंग बाहेर आला. दार उघडलं की पहिली नजर त्यांच्यावर. दूधवाला, शेजारच्या बाया, समाचाराला येणारे नातेवाईक, सगळ्यांच्या देखत त्यांचं अंग पुसणं, कपडे बदलणं, भांडं देणं. बाबा आयुष्यभर शाळामास्तर. घरातसुद्धा सदरा अंगात असल्याशिवाय ते कुणासमोर आले नाहीत. दाराची कडी वाजली की त्यांचा चालता हात चादर चाचपायचा. ते चाचपणं मला बघवत नसे.

एकाने सांगितलं, प्लायवूडचं पार्टिशन ठोकून घ्या, एका दिवसाचं काम आहे. माप घ्यायला माणूसही आला. पण पार्टिशन छतापर्यंत गेलं असतं तर कूलरची हवा एकाच बाजूला कोंडली असती. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो तेव्हा अडलेल्या हवेचा अर्थ काय होतो, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही. शिवाय बाबांच्या वाट्याला चार बाय सात फुटांची पेटी आली असती. लोकांच्या नजरेपासून वाचवायला निघाले आणि मीच त्यांना घरापासून तोडणार होते.

मग फोनवरून घडीचा पडदा मागवला. चित्रात फार सुंदर दिसत होता, जाळीदार नक्षी आणि अक्रोडी रंग. आला तेव्हाही बरा होता. तो लाकडाचा नाही, भुसा दाबून केलेल्या फळीचा आहे, हे आषाढात कळलं. पावसाळी हवेने खालच्या कडा पुरीसारख्या फुगल्या, बिजागरीचे स्क्रू भुश्यातून सुटले आणि एका रात्री एक पाळी धाडकन पलंगाच्या कठड्यावर आली. बाबांना लागलं नाही, पण झोपेतून दचकून उठल्यावर त्यांच्या तोंडून शब्दही फुटेना. दुसऱ्या दिवशी मी तो पडदा भंगारात दिला आणि बुरडकाकांचं घर शोधत निघाले.

त्यांचा प्रश्न डोक्यात घेऊन परतताना मला आजोळचं घर आठवलं. घाटंजी तालुक्यातलं गाव, कवेलूचं घर, पुढे सपरी, आत माजघर. बाहेरच्या भिंती मातीच्या जाड, पण आतली वाटणी कुडाची. कूड म्हणजे काय, हे आता शहरातल्या मुलांना सांगावं लागेल. तूर निघाली की उरलेल्या तुराट्या, कधी पऱ्हाट्या, उभ्या रचायच्या, आडव्या बांबूच्या कामट्यांनी आवळायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणामातीने लिपायच्या. तुराटी पुरुषभर उंच होते, म्हणून भिंतही साधारण तेवढीच. वर कवेलूपर्यंत मोकळी जागा राहायची. चुलीचा धूर, आजीचं पुटपुटणं, पोराचं रडणं, कंदिलाचा उजेड, सगळं त्या जागेतून इकडचं तिकडे जायचं. माणूस दिसायचा नाही, पण आहे हे कळायचं.

बाळंतिणीची खोलीही अशीच. सपरीचा कोपरा तट्ट्याने अडवायचा. तट्टा म्हणजे बांबूच्या चपट्या पात्यांची विणलेली मोठी चटई. गरज लागली की उभा, सरली की गुंडाळून भिंतीला. हाच तट्टा बंडीच्या बाजूंना बांधून कापूस भरायचा. उन्हाळ्यात न्हाणीला तोच आडोसा आणि लग्नघरात स्वयंपाकाच्या जागेला. एकाच वस्तूने वर्षभर घराचा नकाशा बदलायचा. दर दिवाळीला कूड नव्याने पोतारला जायचा, पांढऱ्या मातीचा हात फिरायचा, खाली गेरूचा पट्टा. सजावट म्हणून वेगळं काही केल्याचं मला आठवत नाही. ते पोतारणं, तो पट्टा आणि आजीने ओल्या लिंपणात चार बोटांनी ओढलेल्या लाटा हीच आतली शोभा.

ताटी हा शब्दही याच घरातला. ताटी म्हणजे कामट्यांचं, गवताचं विणलेलं हलकं दार. मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांनी तो सगळ्या महाराष्ट्राच्या ओठी ठेवला. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव आत ताटी लावून बसले आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून समजूत घालते, ही कथा आपल्याला पाठ असते. मला त्यातलं ते दार फार मोलाचं वाटतं. जाड सागवानी कवाड असतं तर आतल्याला ऐकू गेलं असतं का? ताटी लावूनही बाहेरचा आवाज आत जातो. आतल्या माणसाचा एकांत राहतो आणि बाहेरच्या माणसाचा शब्दही पोहोचतो.

उन्हाळ्याची ताटी आणखी वेगळी. बांबूच्या चौकटीत वाळा भरायचा, वर पाणी शिंपडायचं. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत वाळ्याच्या या खोल्यांचं कौतुक केलं आहे, की पाणी मारलं की भर उन्हाळ्यात हिवाळा येतो. ज्या ग्रंथात हे आहे त्यातच वऱ्हाड सुभ्याची नोंदही आहे. आणि त्याच ग्रंथात बादशाही छावणीच्या गुलालबाराचं वर्णन सापडतं. लाकडी जाळीचे तुकडे चामड्याच्या वाद्यांनी एकमेकांना जोडलेले, वरून लाल कापड, आणि मुक्काम हलला की सगळं घडी करून उचलायचं. सोळाव्या शतकातला हा घडीचा पडदाच. त्याचा गरीब भाऊ म्हणजे कनात. ती आजही मंडप डेकोरेशनवाल्याच्या ट्रकमधून फिरते. यवतमाळचा दुर्गोत्सव ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, की नवरात्रात या शहराचे चौक बांबू, कापड आणि सुतळीच्या बळावर नऊ दिवसांत काय रूप घेतात. दसरा झाला की तीच कापडं घडी होऊन गोदामात जातात आणि चौक पुन्हा चौक होतो.

जगात घडीचा पडदा या वस्तूचा प्रवास मोठा आहे. चीनमध्ये ती फार जुनी. तिथून ती जपानात गेली आणि तिथे तिचं नाव ब्योबू, म्हणजे वारा अडवणारी. आधी एकेक पाळी वेगळी, दोरीने किंवा चामड्याने बांधलेली. चौदाव्या शतकात जपानी कारागिरांनी कागदाच्या बिजागऱ्या काढल्या आणि चित्र एका पाळीवरून दुसरीवर सलग वाहू लागलं. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी ती वस्तू उचलली, शब्दही उचलला आणि पोर्तुगीज, स्पॅनिश भाषांत ती ‘बिओंबो’ झाली. जपानी चित्रकारांनीही उलट या व्यापाऱ्यांनाच, त्यांच्या काळ्या गलबतांसकट, पडद्यांवर रंगवून ठेवलं. चीनमध्ये घडलेले लाखेचे भारी पडदे आपल्या पूर्व किनाऱ्यावरून युरोपला रवाना होत, म्हणून युरोपात त्यांना कोरोमंडल हेच नाव पडलं. घडवलं कुणी आणि नाव कुणाचं! आज आपल्याकडे प्रदर्शनांत मिळणारे शिसवी कोरीव पडदे बहुधा सहारनपूरचे असतात. काम देखणं असतं, पण उचलायला दोन माणसं लागतात. आणि आमच्या जिल्ह्यात बांबू, सागवान आणि विणणारे हात असताना घराच्या आडोशासाठी इतकं लांब जावं, हे मला पटत नाही.

पुढच्या खेपेला काकांकडे गेले ते उत्तर घेऊनच. “आडोसा पायजे,” म्हटलं. ते हसले आणि पहिल्यांदा मला बसायला बोरा टाकला.

त्यांनी निवडलेला बांबू मानवेल होता. विदर्भाच्या जंगलात हा जास्त. अंगाने बारीक, आतून जवळजवळ भरीव, चिवट. कटांग जाड आणि पोकळ. तो खांबाला, शिडीला. “तीन वर्साच्या आतला घेतला त मऊ रायते, सुकला का आकसते,” काका म्हणाले. पावसाळ्यात तोडलेला त्यांनी हातात घेऊन बाजूला ठेवला. त्यात रस जास्त असतो, म्हणजे पिठूळ अंश जास्त, आणि त्या पिठावरच कीड येते. पडद्याखाली सकाळी पिवळा भुगा दिसला की समजावं, आत किडा लागला. पूर्वी बांबू वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवत, की ते पीठ निघून जावं. आता बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवतात. अमावास्येला तोडलेल्याला कीड लागत नाही यावर काकांचा विश्वास आहे. मी वाद घातला नाही. बोरॅक्सचं पाणी मात्र घालायला लावलं.

बांबू चिरताना एकदा जवळून पाहावं. काकांनी कोयत्याचं पातं कांड्याच्या तोंडावर टेकवलं, मागून लाकडाचा एकच ठोका दिला. पुढे कोयता ते फक्त रेटत गेले. प्रत्येक पेराशी फट्‌कन आवाज, आणि चीर सरळ रेषेत पळत शेवटापर्यंत. मग अर्ध्याचं पाव, पावाची कामटी. कामटीच्या टोकाला सुरी घालून बाहेरची हिरवी साल आतल्या पांढऱ्या गरापासून वेगळी केली. एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं हातात, आणि मधल्या मध्ये सुरी सरकत गेली. जाडी मोजायचं साधन म्हणजे त्यांचा अंगठा. दोन पात्या मी घरी येऊन मोजपट्टीने पाहिल्या, फरक दिसला नाही. साल चकचकीत आणि टणक, ती उभ्या धाग्याला. गर मऊ आणि रंग पिणारा, तो आडव्याला. दोन वर दोन खाली अशी वीण घातली की तिरप्या लाटा उठतात. मला आजीची चार बोटं आठवली, पण बोलले नाही.

खरी गंमत विणीच्या दाटपणात होती. काकांनी पडद्याचा खालचा भाग, पलंगाच्या उंचीपासून साधारण खांद्यापर्यंत, गच्च विणला. वरचा दीड फूट विरळ, बोट जाईल इतका. “वरून हवा जाऊ द्या. अन् बाबाले उजेड दिसू द्या.” माझ्या कागदावरच्या त्या ठळक ओळीचं उत्तर त्यांनी असं दिलं.

चौकटी सुताराकडे केल्या. जुन्या घराची सागवानी मयाल लाकडाच्या दुकानात पडून होती, ती चिरून घेतली. जुनं सागवान पुरतं वाळलेलं असतं, वाकत नाही आणि उधईला लवकर दाद देत नाही. एका लाकडाला भोक, दुसऱ्याला कुसू पाडून सांधे बसवले, खिळ्यांवर भिस्त ठेवली नाही. चार पाळ्या, प्रत्येकी दीड फूट रुंद. तीन सांधे, प्रत्येक सांध्याला तीन बिजागऱ्या, त्याही दोन्हीकडे वळणाऱ्या.

ज्यांना असा पडदा करायचा आहे त्यांनी हे नीट ध्यानात ठेवावं. चार पाळ्या सरळ उभ्या केल्या तर सहा फूट जागा झाकते, पण पडदा पडतो. नागमोडी मांडला तरच तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. दोन पाळ्यांमध्ये काटकोनापेक्षा थोडा मोठा कोन ठेवला की साधारण साडेचार फूट झाकतं आणि कूलरच्या झोतातही तो हलत नाही. म्हणून जागा मोजताना पाळ्यांची बेरीज करून फसू नका. घरात पोरं किंवा आजारी माणूस असेल तर कडेची पाळी भिंतीतल्या कडीला दोरीने अडकवा. एकदा दचकलेल्या माणसासाठी ती दोरी मी पहिल्या दिवशीच बांधली.

आणि जागा. बहुतेकजण पडदा कोपऱ्यात शोभेला ठेवतात, मागे झाडू आणि रिकामी खोकी. तिथे तो मरतो. त्याच्या मागे किंवा बाजूला खिडकी हवी. आमच्याकडे पूर्वेचा उजेड वरच्या विरळ विणीतून येतो आणि सकाळी आठच्या सुमाराला समोरच्या भिंतीवर बारीक चौकड्यांची जाळी पडते. ऊन चढतं तशी ती खाली सरकते. बाबा अंथरुणावर पडल्या पडल्या ती बघायचे. बोलणं परत येऊ लागलं तेव्हा त्यांचं पहिलं लांब वाक्य त्या जाळीबद्दलच होतं : ती कॅलेंडरपर्यंत उतरली की चहाची वेळ झाली.

रंग मी लावला नाही. दोन पाळ्यांच्या मधल्या पट्ट्यात कापड बसवायचं मात्र ठरवलं. पुसद, दिग्रस, आर्णी या बाजूला बंजारा तांडे आहेत आणि त्यांच्या बायांचं भरतकाम, आरसे, कवड्या आणि टाक्यांची ती घट्ट भौमितिक वीण, आता ओढण्यांपेक्षा पिशव्यांवरच जास्त दिसते. एका जुन्या फेटियाची, म्हणजे घागऱ्याची, पट्टी मला मिळाली. आरसे उजेडाच्या बाजूला ठेवले असते तर बाबांच्या डोळ्यांवर चमकले असते, म्हणून दाराच्या बाजूला लावले. येणाऱ्याची नजर आता आधी त्या कवड्यांवर जाते. त्याला दोन घटका विचारायला विषय मिळतो आणि तेवढ्यात आतल्याला सदरा सारखा करायला वेळ.

या वस्तूच्या मागच्या हातांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बाळ सुपात निजवतात ते सूप बुरडाचं, लग्नातली रुखवताची टोपली बुरडाची, शेवटच्या तिरडीचा बांबूही त्याच्याच दारातला. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या कल्याणात केतय्या नावाचे शरण टोपल्या विणून जगत. बुरड समाज त्यांना आपलं दैवत मानतो. इतकं सगळं असून प्लॅस्टिकच्या टोपल्यांनी या घरांची चूल मंदावली. नोंदणी असलेल्या बुरडांना वन विभागाकडून सवलतीत बांबू मिळतो, पण सुपांना गिऱ्हाईक कुठून आणायचं? काकांचा मुलगा बांधकामावर सेंट्रिंगच्या कामाला जातो. तिथेही बांबूच हाताळतो, पण विणत नाही.

तसंच कोलामांचं. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित गटात मोडतात. त्यातल्या कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, मारेगाव, झरी-जामणी, केळापूर, घाटंजी या भागांत आहेत. कोलामी ही द्रविड कुळातली स्वतंत्र भाषा, आणि टोपल्या, तट्टे विणणं हे त्यांचं जुनं कसब. पण जंगलातला बांबू तोडायचा तर कायदा आडवा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत, आणि १९२७च्या वन कायद्याच्या व्याख्येत मात्र ते झाड! २००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात धरलं. २०११ साली गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा हक्क मिळवून दाखवला. २०१७च्या नोव्हेंबरात कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला आणि निदान शेताच्या धुऱ्यावरचा बांबू मोकळा झाला. मेळघाटात लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं करून आदिवासी कारागिरांना घरं आणि फर्निचर करायला शिकवलं. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. म्हणजे ज्ञान आहे, माल आहे. माझी तळमळ एवढीच आहे, की यवतमाळात जो फ्लॅट घेतो आणि इंटिरियरवाल्याला आगाऊ रक्कम देतो, त्याने एकदा तरी आपल्याच शहरातल्या बुरडाच्या दारात बसावं. एका पडद्याला काकांनी नऊ दिवस काम केलं. सुपाच्या भावात ते मोजू नका, सुताराच्या रोजाने मोजा. मी तसंच मोजलं आणि मला ते अजिबात महाग वाटलं नाही.

पडदा आला त्या संध्याकाळी बाबांनी तो बराच वेळ नुसता पाहिला. मग दार वाजलं. शेजारचे गृहस्थ होते. मी दाराकडे निघाले आणि सवयीने मागे वळून बाबांच्या हाताकडे बघितलं. हात चादरीवर तसाच होता. पाहुणे पलीकडे खुर्चीवर बसले, इकडून बाबांनी अडखळत त्यांच्या नावाने हाक मारली आणि विणीच्या दोन्ही बाजूंनी पंधरा मिनिटं पावसाच्या गप्पा झाल्या. पुढे रोजचा नेमच झाला. अंग पुसून सदरा चढवला की बाबा काठीने कडेच्या पाळीवर टकटक करायचे, म्हणजे ती घडी करा, आता मला दार दिसलं पाहिजे.

बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली. पडद्याला दर दिवाळीआधी तेल देते. ओल्या फडक्याने धूळ पुसायची, गच्चीत सावलीला दिवसभर वाळवायचा, मग जवसाचं तेल थोडं कोमट करून चिंधीने, विणीच्या दिशेने. जास्तीचं लगेच पुसायचं, नाहीतर चिकटतं आणि धूळ धरतं. तेल पिल्यावर बांबूचा रंग मधासारखा होतो. यंदा वसुबारसेच्या आदल्या दिवशी तो गच्चीत उभा असतानाच तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. लेक दवाखान्यातून बाळ घेऊन येणार होती, घरात पाहुणे, आणि बाजेची जागा बाहेरच्याच खोलीत.

“महिनाभर देता का?” त्यांनी विचारलं.

तेल पुरतं वाळायला अजून एक दिवस होता. मी त्यांना दोरीची कडी कुठे ठोकायची ते सांगितलं, विरळ बाजू वर येईल असं बघा म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी तो घडी करून जिन्याने खाली नेला.